तिथीचा पाऊणपट

डॉक्टर कुलथे मॅडमनी विचारलं, किती वाजता झोपता?
बाबा म्हणाले, आज तिथ कंची?

मॅडम माझ्याकडे बघतात, मी मोबाइलमध्ये.
षष्ठी.
बाबा बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवतात,
सहा पाऊण साडेचार,
म्हंजे साडेचारला पुरी भरती,
सुकती साडेधाला.
मंग साडेधाला झोपन.
मॅडमनी कागदावर लिहिलं, १०.३०,
आणि पुढे, उत्तम.

मी बोलले नाही
की उद्या हे सव्वाअकरा म्हणतील, परवा बारा,
आणि अमावास्येला
दुधाच्या पिशव्या दारांना अडकायला लागल्या की
यांचा डोळा लागेल.
होरी विकून नऊ वर्षं झाली.
सारसोळ्याच्या जेट्टीवर आता संध्याकाळी
लोक फिरायला येतात, कुत्री घेऊन.
बाबांच्या अंगातलं पाणी मात्र
रोज पाऊण तास उशिरा चढतं,
ते कुणी विकत घेतलं नाही.

मॅडमनी एक पत्रकही दिलं.
झोपेची उत्तम वेळ रात्री दहा ते सकाळी सहा.
खोली अंधारी असावी, पोट हलकं, मन शांत.
मी ते फ्रीजवर लावलं, लोहचुंबकाखाली,
आणि चप्पल घातली,
कारण रात्री दहाला सेक्टर सहाच्या कोपऱ्यावर
माझी कॅब येते.
महापेला बसून मी रात्रभर
कुणाच्या तरी दुपारच्या तक्रारी ऐकते.
त्यांचा फ्रीज गार होत नाही.
त्यांचं ऊन माझ्या कानात येतं.

सकाळी खिडकीला गोधडी ठोकून मी रात्र बनवते.
तरी खिळ्याच्या भोकातून एक किरण येतो,
बरोबर पापणीवर.
मग भंगारवाला. मग कुकर, कुणाचा ते कळत नाही.
मग वरच्या मजल्यावर बिस्वासांचं ड्रिल,
त्यांचं बाथरूम दिवाळीपासून होतंय.

माझी सगळ्यात चांगली झोप
मार्चमध्ये झाली, गुरुवारी, पहाटे तीन दहाला.
सर्व्हर पडला.
सगळे पडदे एकदम काळे, फोन मुके.
प्रज्योतने हेडफोन काढून टेबलावर डोकं टेकलं,
मग त्या ओळीतल्या सगळ्यांनी.
सुपरवायझर उभा राहिला थोडा वेळ,
मग तोही बसला.
चाळीस मिनिटं. गालावर कीबोर्डचे चौकोन उठले होते.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत.
म्हणाले, तशीच.
कशी?

उलव्याच्या बाजूला जाळी टाकली व्हती.
पानी कवा उतरलं कललंच नाय,
होरी बसली चिखलात.
आता जायाचं नाय, यायाचं नाय.
तुजी आय दवाखान्यात, पतपेढीचं देनं,
सगला पल्याड राहिला.
मधी नुसता चिखल, निवटं उड्या मारतान.
सा तास कोन हाक मारील?
तवा झोपलो.
दुपार व्हती का रात?
आता ते ध्यानात नाय.

आज द्वितीया.
कॅबमध्येच मी पेरांवर मोजलं,
दोन पाऊण दीड,
साडेसातला सुकती.
पंधरवड्यातून एकदा असं जुळतं.
दार उघडंच होतं. गोधडी खिडकीला लागलेली,
दोन चटया, माझी भिंतीकडची,
आणि त्या किरणाच्या भोकात
बाबांनी कोंबलेला जाळ्याचा जुना दोरा.
ते भिंतीकडे तोंड करून आधीच निजलेले.
लांब, दोन इमारतींच्या फटीतून,
पाणी ओढल्याचा तो वास.

मी पाय न धुता आडवी झाले.
बिस्वासांचं ड्रिल नऊला सुरू होतं.
अजून दीड तास चिखल आहे.